सड्यावरच्या मांगरात वाय-फाय : देवगडातल्या एका हापूस बागेचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या हापूसच्या बागा आज बऱ्याच अंशी नेपाळी कामगारांच्या हातावर चालतात. दशैं-तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, घरी करून ही माणसं नोव्हेंबरात येतात आणि फवारण्या, राखण, काढणी उरकून पावसाच्या तोंडावर परत जातात. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे इथे येऊन काम करायला त्यांना व्हिसा लागत नाही. सातेक महिने मुक्काम बागेतच. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, पुढे चुलीपुरती पडवी, असा मांगर. पाणी कुठून, तांदूळ कुणाचा, गॅस सिलिंडर किती, हे सगळं हंगामाच्या बोलीत ठरतं. नेटचा विषय त्या बोलीत कधी निघत नाही. ज्याचा त्याने रिचार्ज मारावा आणि रेंज मिळेल तिथे जाऊन बसावं, अशी रीत.

मी तालुक्यात सीसीटीव्ही आणि नेटजोडणीची कामं करतो. 2024-25 च्या हंगामात एका बागेच्या मांगरात नेट नेलं, त्याचं हे टिपण. त्यानंतर आसपासच्या बागायतदारांकडून तीच विचारणा व्हायला लागली आणि फोनवर अर्धीमुर्धी माहिती देऊन भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

जागा आणि अडचण

बाग सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर, साडेपाचशेच्या घरात कलमं, कामगार अकरा, मांगर दोन. सड्यावर म्हटलं की रेंज चांगली असणार असं कुणालाही वाटेल, आणि उघड्या कातळावर ती असतेही. पण मांगर बांधतात पाण्याजवळ. इथे विहीर सड्याच्या एका खळग्यात आहे, तिच्याभोवती माती साठलेली, म्हणून तिथली कलमं जुनी आणि दाट. मांगर त्या कलमांच्या पोटात. टॉवरच्या बाजूला खळग्याची कड आडवी येते आणि उरलासुरला सिग्नल पाल्यात जिरतो.

अशा वेळी फोनवरच्या दांड्या बघू नयेत, सिग्नलचा आकडा दाखवणारं ॲप टाकावं. मांगराच्या पडवीत 4जीचा आकडा उणे 118 डीबीएम होता, सड्याच्या कडेला उणे 97. उणे 110 च्या खाली गेलं की साधा कॉलसुद्धा धड टिकत नाही, व्हिडिओ कॉल तर लांबच राहिला. म्हणून संध्याकाळी जेवणं झाली की अर्धी टोळी टॉर्च घेऊन दहा-पंधरा मिनिटं चालत सड्याच्या कडेला जायची आणि तिथल्या चिऱ्यांच्या ढिगावर बसून घरी बोलायची. नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. इथे साडेसात-आठ वाजले की तिकडे पोरं झोपायला आलेली असतात. त्यामुळे बोलण्याची वेळ ठरलेली, आणि ती नेमकी काळोखाची.

कातळावर काळोखात चालणं म्हणजे फुरशांच्या, त्या विषारी सापांच्या, राज्यातून चालणं. देवगडकरांना हे सांगायला नको. आधीच्या हंगामात एका पोराला घोट्याजवळ फुरसं चावलं. सरकारी दवाखान्यात लस वेळेत मिळाली, पोरगा वाचला, पण महिनाभर त्याच्याकडून काम झालं नाही आणि बाकीच्यांचंही मन उडालं. बागायतदार काकांच्या डोक्यात नेटचा विचार तेव्हा पहिल्यांदा आला.

दुसरं कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "गुरखे रातचे रेंजेक जातत, तेव्हा बाग वाऱ्यार असता. माका कॅमेरे होये, तेंका वायफाय होया. एकाच खर्चात जमता काय बघ." मला हा हिशेबीपणा पटला. निव्वळ दयेपोटी घेतलेली नेटजोडणी पहिल्या बिघाडाला बंद पडते. मालकाचा स्वतःचा जीव तिच्यात अडकलेला असला की ती टिकते.

काय काय बघितलं आणि का सोडलं

काकांनी आधीच एक बूस्टर ऑनलाइन हेरून ठेवला होता. तो पहिल्याच बैठकीत बाद केला. मोबाइल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर खासगी माणसाने बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. तो फक्त टेलिकॉम कंपनी बसवू शकते. शिवाय स्वस्तातला बूस्टर आजूबाजूच्या टॉवरलाच गोंगाट पुरवतो आणि शेजाऱ्यांची होती तीही रेंज जाते. विकणारे बिनदिक्कत विकतात, ती गोष्ट वेगळी.

दुसरा पर्याय सिमवर चालणाऱ्या राउटरचा. खळग्याच्या कडेवर बाहेरचा अँटेना लावून तो चालवून बघितला. दुपारी बऱ्यापैकी चालायचा, संध्याकाळी सात ते दहा मात्र रखडायचा, आणि डाउनलोडपेक्षा अपलोडची बाजू जास्त लंगडी. व्हिडिओ कॉलला अपलोड लागतो हे लोक विसरतात. समोरच्याचा चेहरा नीट दिसतो आणि आपला मात्र तिकडे थिजलेला, अशी गत होते. त्यातून मे महिना बाकी होता. चाकरमानी सुट्टीला गावी आले की आमच्याकडचे टॉवर कसे गुदमरतात, हे ज्याने एप्रिलअखेर यूपीआयने पैसे द्यायचा प्रयत्न केलाय त्याला ठाऊक आहे. ऐन काढणीत जे बंद पडणार, ते लावून काय उपयोग?

फायबर थेट मांगरापर्यंत न्यायचं तर दीड किलोमीटर. कातळात खणणं परवडत नाही, वरून न्यायला खांब नाहीत, आणि झोळ पडलेली वायर दिसली की वांदरांना झोका मिळाला. सार्वजनिक वाय-फायसाठी केंद्राची पीएम-वाणी योजना 2020 पासून आहे आणि तिच्यात दुकानदाराला परवाना लागत नाही. पण ती नेट विकण्यासाठी. एका मालकाच्या अकरा माणसांसाठी तो संसार मांडायची गरज नव्हती.

राहिला वायरलेस दुवा, म्हणजे एका टोकाला फायबर, दुसऱ्या टोकाला मांगर आणि मध्ये समोरासमोर तोंड केलेले दोन रेडिओ. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 च्या अधिसूचनेनंतर ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता एकमेकांना दिसण्याचा.

दुवा

काकांचं घर खाली वाडीत, तिथून सडा दिसत नाही. पण त्यांच्या चुलतभावाचं घर वर डांबरी रस्त्याला, एसटीच्या थांब्याजवळ, आणि फायबर तिथपर्यंत आलेलं. त्या घराच्या गच्चीवरून खळग्याची कड सरळ दिसते. अंतर दीड किलोमीटर, मध्ये सपाट कातळ.

नुसतं दिसून भागत नाही. रेडिओलहरी दोन टोकांच्या मध्यावर फुगतात. दीड किलोमीटरला 5.8 गिगाहर्ट्झवर हा फुगवटा मधोमध साधारण साडेचार मीटर त्रिज्येचा होतो, आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. म्हणजे गच्चीवर तीन मीटरचा पाइप आणि कडेवर सहा मीटरचा खांब पुरेसा होता. वाटेत एकच कलम आड येत होतं, तेही फांदी छाटून सुटलं. मोहोर यायच्या आधी छाटलं म्हणून काका काही बोलले नाहीत. जानेवारीत छाटू दिलं नसतं.

खांब मात्र खळग्याच्या कडेवरच हवा होता, मांगरापासून सत्तर मीटरवर, आणि त्या कडेवर आहे गडगा, म्हणजे दगडांचा बांध. गडगा सामायिक. सातबाऱ्यावर काकांसकट चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत. एका पुतण्याने व्हॉट्सॲपवरूनच हरकत घेतली, की आज खांब आला, उद्या बांधकाम येईल. शेवटी काकांच्या वहिनींनी मध्ये पडून, खांब काढता येण्यासारखा नटबोल्टचा असेल आणि पावसाळ्यात उतरवला जाईल, असं साध्या कागदावर लिहून घेतलं. रेडिओ जुळवायला एक दुपार लागली, हा कागद व्हायला पंधरवडा. कोकणात असलं काम हाती घेणाऱ्याने दोन्ही वेळा धरूनच तारीख द्यावी.

जोडणी चुलतभावाच्या घरी, पण काकांच्या नावावर घेतली. महिना पाचशे अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 रुपये, वेग 30 एमबीपीएस. चुलतभावाच्या घरच्यांनी तेच नेट फुकट वापरायचं आणि त्या बदल्यात त्यांच्या विजेवर एक राउटर नि एक रेडिओ चालायचा. अकरा माणसांना 30 एमबीपीएस कमी पडेल अशी काकांना धास्ती होती. एक व्हिडिओ कॉल एक एमबीपीएसच्या आसपास घेतो. सगळे एकदम बोलायला बसले तरी निम्म्याहून जास्त शिल्लक राहतं. प्रत्येक फोनला तीन एमबीपीएसचं झाकण घातलं, म्हणजे एकाने पिक्चर उतरवायला लावला म्हणून दुसऱ्याच्या घरचा फोन तुटणार नाही.

वीज

मांगरात वीज नव्हती. फोन चार्ज करायचे ते वाडीत. दुपारी एक पोरगा सगळ्यांचे फोन पिशवीत घालून काकांच्या पडवीत आणायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. नेट लावायचं म्हटल्यावर सगळे रेडिओच्या विजेचं विचारत होते, हिशेब केल्यावर दिसलं की चार्जिंगचा भार जवळपास तेवढाच आहे. रेडिओ आणि राउटर मिळून सरासरी दहा वॉट, चोवीस तासांचे 240 वॉट-तास. अकरा फोनांना, गळती धरून, रोज 200 च्या आसपास. एकूण 440. फक्त नेटपुरतं पॅनेल घेतलं असतं तर पोरांनी तिथेच फोन लावले असते आणि रात्री नऊला सगळंच बंद पडलं असतं.

म्हणून 165 वॉटचं पॅनेल घेतलं. हिवाळ्या-उन्हाळ्यात ते आपल्याकडे दिवसाला साडेपाचशे वॉट-तास सहज देतं. बॅटरी 12.8 व्होल्ट 30 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेटची, कारण शिसे-आम्लाची बॅटरी पत्र्याखालच्या उन्हात लवकर मरते. चार्जिंगचा बोर्ड बॅटरीवर न टाकता पॅनेलच्या वेळेला बांधला, सकाळी दहा ते चार. बारा ते तीन उन्हाच्या कारणाने बागेत काम थांबतंच, तेव्हा फोन आपोआप मांगरात असतात. राउटर पत्र्यापासून लांब, उत्तरेच्या भिंतीवर, छातीइतक्या उंचीला. बाहेरच्या प्रत्येक जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप, कारण हंगामभर बुरशीनाशकाच्या फवाऱ्याचा तुषार उडत असतो आणि तो तांब्याला हिरवं करतो.

नियम कुणी ठरवायचे

इथे जरा तणातणी झाली. काकांना नेट रात्री दहाला बंद हवं होतं, राखणीवरची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतील म्हणून. टोळीचा मुकादम पन्नाशीचा, कित्येक हंगाम याच बागेत आलेला. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, मोबाइल नहीं रहेगा तो दो बजे सो जाएगा. मोबाइल है तो जागता है." मला हे खरं वाटलं. दुसरं असं की एकदा मालकाच्या हातात बटण आलं की ते फक्त झोपेसाठी वापरलं जात नाही. काम मनासारखं झालं नाही की बटण, रजा मागितली की बटण. असं एका बागेत मी बघितलेलं आहे. तिथे वाय-फायचा पासवर्ड दर सोमवारी बदलायचा आणि टोळी खूश असेल तरच सांगितला जायचा. काकांना तसं करायचं नव्हतं, पण मोह पुढेमागे होतोच. म्हणून राउटरचं व्यवस्थापन माझ्याकडे ठेवलं आणि वेळेचं बंधन घातलंच नाही.

कॅमेऱ्यांवरून टोळी बिथरली होती. पहिला नकाशा काकांनी काढला त्यात एक कॅमेरा मांगराच्या पडवीकडे होता, कारण क्रेट तिथेच रचतात. पडवीतच ही माणसं आंघोळ करतात, जेवतात, घरी बोलतात. मुकादम तोंडावर काही बोलला नाही. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, आवाज भी जाता है क्या?" क्रेटची जागा वीस मीटर पलीकडे कलमाखाली हलवली, कॅमेरे दोनच ठेवले, एक वाटेच्या बेड्याकडे (फाटकाकडे) आणि एक क्रेटवर, दोन्हींचा आवाज बंद. त्यांचं पॅनेल-बॅटरी वेगळं, म्हणजे कॅमेऱ्यासाठी मांगराची वीज कापली जाणार नाही. पडवी दिसत नाही हे मुकादमाला काकांच्याच फोनवर दाखवलं. तेव्हा कुठे खांब उभा करायला टोळीचे हात लागले.

सिमकार्डाचा गुंता मात्र मी अपेक्षिला नव्हता तेवढा निघाला. परदेशी माणसाला इथलं सिम मिळणं किचकट, म्हणून वर्षानुवर्षं काका स्वतःच्या आधारवर सिम काढून द्यायचे. एका माणसाच्या नावावर कमाल 9 सिम चालतात, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यात मर्यादा ओलांडल्यास दंड आहे, पहिल्या खेपेला 50 हजारांपर्यंत. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर काकांचा नंबर घालून बघितलं तर त्यांच्या नावावर सिमं निघाली आठ. त्यातली दोन अशा माणसांकडे जी दोन हंगामांपूर्वी गेली ती आलीच नाहीत. ती सिमं कुठे आहेत, कोण वापरतंय, देव जाणे. तिथल्या तिथे ती आपली नसल्याची नोंद केली आणि बंद करून घेतली. गावात सिमं देऊन बसलेल्या प्रत्येक बागायतदाराने हे एकदा बघावं.

नेट आल्यावर या गुंत्याची धार थोडी कमी झाली. व्हॉट्सॲप किंवा मेसेंजरला वाय-फायवर इथलं सिम लागत नाही. नेपाळातच नोंदवून आणलेल्या नंबरावर सगळं चालतं. तिघांनी इथलं सिम घेतलंच नाही.

हंगामात काय घडलं

डिसेंबरात जोडणी सुरू झाली. रात्रीची सड्याच्या कडेची वारी त्याच आठवड्यात थांबली. पहिले काही दिवस फोनांनी आपापले अपडेट ओढून घेतले, मग वापर स्थिरावला. सर्वांत जास्त ओझं संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारच्या विश्रांतीत. पैसे पाठवण्याची पद्धतही जरा बदलली. तालुक्याच्या गावात एजंटाकडे रोख भरून पैसे घरी पाठवतात. पूर्वी पोचल्याचं कळायला दोन-तीन दिवस जायचे. आता बायको तिथल्या काउंटरवरूनच पावतीचा फोटो टाकते.

एप्रिलमध्ये वळवाच्या पहिल्या गडगडाटात मोठा दणका बसला. वीज थेट खांबावर पडली नव्हती, जवळपास कुठेतरी पडली. पण खांबापासून मांगरापर्यंत सत्तर मीटर तांब्याची केबल होती आणि तेवढी लांब तार आजूबाजूच्या विजेचा झटका शोषून घ्यायला पुरते. कडेवरचा रेडिओ आणि मांगरातला राउटर दोन्ही गेले. अर्थिंग केलेलं होतं, पण कातळावरचं अर्थिंग एप्रिलात नावापुरतं असतं. जांभा कोरडा पडला की विजेला जमिनीत शिरायला वाटच मिळत नाही. कोळसा-मिठाचा खड्डासुद्धा पाणी घालत राहिलात तरच काम करतो.

दुरुस्ती करताना रचनाच बदलली. कडेवरच्या रेडिओला त्याचं स्वतःचं 75 वॉटचं पॅनेल आणि छोटी बॅटरी दिली आणि खांब ते मांगर तांब्याऐवजी फायबर टाकलं, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार जुळवणारे डबे. काचेतून विजेचा झटका जात नाही. आता खांबावरचं जळलं तरी मांगरातलं वाचतं. फायबर गडग्याच्या पायथ्याने काळ्या एचडीपीई नळीतून नेलं, वांदरांच्या हाताला लागू नये म्हणून. अर्थिंग कातळावरून काढून विहिरीशेजारच्या मातीत नेलं, तिथे ओल वर्षभर असते. हे सगळं मिळून आणखी अकरा हजार. सड्यावर काम करणाऱ्याने थेट याच रचनेपासून सुरुवात करावी. तांब्याची केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे नेऊच नये. आणि एवढं करूनही ढग गुरगुरायला लागले की प्लग काढायचा. ते काम मुकादमाने स्वतःकडे घेतलं.

सामान येईपर्यंत नेट बंद होतं. दुसऱ्याच रात्री टॉर्च परत सड्याच्या कडेकडे चालू लागले. काकांनी कॅमेरा बंद आहे म्हणून एकदा फोन केला, मुकादमाने घरच्यांशी बोलणं होत नाही म्हणून चारदा.

मे महिन्यात वेगळंच घडलं. ऐन काढणीत दोघांनी काकांकडे पगारवाढ मागितली. शेजारच्या तालुक्यातल्या बागेत त्यांच्या गावचेच लोक होते, तिथे काय मिळतं हे मेसेंजरवरच्या ग्रुपमध्ये रोज कळत होतं. माहिती आधीही पोचायची, पण हंगाम संपल्यावर, परतीच्या गाडीत. आता ती वेळेवर पोचली. काकांनी थोडं वाढवून दिलं आणि मला म्हणाले, "तुझा वायफाय माका महाग पडला बघ." बागायतदारांनी हा परिणाम धरूनच चालावं. मला स्वतःला त्यात गैर काही दिसत नाही. आंब्याचा वाशीचा भाव आपण दर सकाळी मोबाइलवर बघतोच की.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. 20 मेनंतर कमी दाबाच्या पट्ट्याने झोडपायला सुरुवात केली आणि 25 मेला मोसमी पाऊस देवगडात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात निवांत उतरवायचं सामान भर पावसात उतरवावं लागलं. टोळीचीही निघायची घाई होती. त्यांनीच खांब खोलून पॅनेलं मांगरात आणून ठेवली, बॅटऱ्या काकांच्या घरी. बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी, पूर्ण भरून किंवा रिकामी करून पावसाळाभर ठेवली तर ती खराब होते.

पैसे

सुरुवातीचा खर्च असा: दोन रेडिओ अकरा हजार, खांब-पाइप-गवंडी पाच, पॅनेल आणि कंट्रोलर साडेसहा, बॅटरी साडेसात, राउटर नि चार्जिंग बोर्ड अडीच, केबल आणि अर्थिंग तीन. माझी मजुरी धरून चाळीस हजारांच्या आत. विजेच्या दणक्याचे वर सांगितलेले अकरा हजार वेगळे. कॅमेऱ्यांचा खर्च यात धरलेला नाही.

कामगारांच्या बाजूचा हिशेब बघा. जिओचा दिवसाला दीड जीबीचा 28 दिवसांचा रिचार्ज जुलै 2024 च्या दरवाढीनंतर 299 रुपयांना गेला. सात महिन्यांच्या मुक्कामात तो आठ वेळा मारावा लागतो, माणशी 2,392 रुपये. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर कंपन्यांना डेटाविना, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक काढावे लागले. जानेवारीपासून असा 84 दिवसांचा पॅक साडेचारशेच्या आसपास मिळू लागला. घरात वाय-फाय असलेल्याला तेवढा पुरतो. ज्यांनी तो घेतला त्यांचे हजाराच्या आसपास वाचले. दुकानदार हा पॅक आपणहून सांगत नाही, मागावा लागतो.

काकांनी एकदा विचार बोलून दाखवला, की त्यांचे एवढे वाचतायत तर महिना माणशी पन्नास रुपये कापू या. मी नको म्हटलं. एक तर नेटचे पैसे घेतले की तो व्यवहार झाला आणि नेट बंद पडलं त्या दिवसांचा हिशेब द्यावा लागणार. दुसरं, कॅमेऱ्याचा फायदा काका एकटेच घेतायत. तांदळाचे पैसे कापत नाही, मग याचे का कापायचे? त्यांनी कापले नाहीत. वहिनींनी अधिक थेट सांगितलं म्हणे, पण ते माझ्यासमोर झालं नाही.

दुसरा हंगाम

4 सप्टेंबर 2025 ला नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूबसह 26 समाजमाध्यमं बंद केली. तिथे आंदोलन उसळलं, माणसं मेली, बंदी उठली आणि पंतप्रधान पायउतार झाले, हे सगळं आठवड्याच्या आत. नेमके तेच दिवस काकांचे पुढच्या हंगामाची टोळी आणि उचल ठरवण्याचे. मुकादम व्हॉट्सॲपवर सापडेना. शेवटी आयएसडी लावून बोलणं झालं, आणि मिनिटाला किती पैसे गेले याचा काका अजून उल्लेख करतात.

त्या फोनवर मुकादमाने दर विचारला आणि लगेच दुसरा प्रश्न, मांगरात नेट असणार ना? आधीच्या हंगामातले अकरापैकी नऊ जण परत आले, आमच्याकडच्या बागांचा अनुभव बघता हे चांगलंच म्हणायचं. ते केवळ नेटमुळे आले असं मी म्हणणार नाही, काकांचा पैसा वेळेवर असतो. पण बोली ठरताना तांदूळ, गॅस, जाण्या-येण्याचं भाडं यांच्या जोडीला नेट आलं आणि वहिनींच्या वहीत तसं लिहिलं गेलं.

आता मुकादमाची मागणी आहे की दुसऱ्या मांगरातही वाय-फाय पोचावं, कारण तिकडच्या चौघांना बोलायला पहिल्या मांगराच्या पडवीत येऊन बसावं लागतं. काम अवघड नाही, नव्वद मीटर फायबर आणि एक छोटं पॅनेल. पण नळी ज्या गडग्याच्या पायथ्याने न्यायची तोही सामायिक, आणि ज्या पुतण्याने मागे हरकत घेतली होती तो गणपतीला आला नि सही न करताच मुंबईला गेला.